सकाळी गाडी सुरू केल्यावरची पहिली दोन मिनिटं : सायलेन्सरमधला डबा तापेपर्यंत विषारी वायू कुणाच्या नाकात?

सांगली : थंडीतली सकाळ. डेअरीला दूध घालायची वेळ, शाळेच्या गाड्या निघायची वेळ, वडाप भरायची वेळ. दारातली गाडी चावी फिरवून सुरू केली जाते आणि मालक चहा प्यायला आत जातो. "गरम होऊ दे जरा," असं म्हणत दहा मिनिटं गाडी जागेवरच चालू राहते. तेवढ्यात गाडीच्या मागं अंगणात पोरं दात घासत असतात, म्हातारी माणसं उन्हाला बसलेली असतात.

शिराळ्यापासून जतपर्यंत आणि पाटणपासून माणपर्यंत हे चित्र कुठल्याही गावात दिसतं. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. गाडी नवीन आहे, बीएस-६ आहे, पीयूसी काढलेली आहे, मग प्रदूषण कसलं?

पण खरी गोम इथंच आहे. पेट्रोल गाडीचा धूर स्वच्छ करणारं जे यंत्र सायलेन्सरच्या नळीत बसवलेलं असतं, ते गाडी थंड असताना जवळपास काहीच काम करत नाही. ते तापल्यावरच जागं होतं. आणि पीयूसीची तपासणी होते ती गरम इंजिनावर. म्हणजे गाडी सगळ्यात जास्त घाण बाहेर टाकते ती वेळ कुठल्याच पावतीवर येत नाही.

सायलेन्सरमधला तो डबा आहे तरी काय?

गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'कन्व्हर्टर' म्हणतात. पूर्ण नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बाहेरून पत्र्याचा डबा, आत मधाच्या पोळ्यासारखी हजारो बारीक छिद्रं असलेली चिनीमातीसारखी वडी. या छिद्रांच्या आतल्या बाजूला प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. एका छोट्या गाडीत हे धातू सगळे मिळून काही ग्रॅमच भरतात.

इंजिनातून तीन वाईट गोष्टी बाहेर पडतात. एक, कार्बन मोनॉक्साईड. याला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत साठला तर माणूस झोपेतच जातो. दुसरी, हायड्रोकार्बन, म्हणजे अर्धवट जळालेलं किंवा न जळालेलं पेट्रोल. तिसरी, नायट्रोजनचे ऑक्साईड. हे फुप्फुसाला त्रास देतात आणि दमेकऱ्याचा दमा वाढवतात. गरम कन्व्हर्टरमधून जाताना कार्बन मोनॉक्साईडचा कार्बन डायऑक्साईड होतो, हायड्रोकार्बनचं पाणी आणि कार्बन डायऑक्साईड होतं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साईडचा साधा नायट्रोजन होतो. तिन्हींचा बंदोबस्त एकाच डब्यात होतो. डबा चांगला तापलेला असेल, तर यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग तिथंच निकालात निघतो.

पण त्यासाठी डब्याचं तापमान साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. त्याच्या खाली हे धातू नुसते बसून असतात. तवा तापल्याशिवाय भाकरी भाजत नाही, तसंच हे.

आणि 'थंड गाडी' म्हणजे फक्त हिवाळ्यातली गाडी नव्हे. मे महिन्यात सांगलीत पारा ४० च्या आसपास असला तरी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा डबा ३०० अंशांच्या मानानं थंडच असतो. हिवाळ्यात त्रास वाढतो, एवढाच फरक.

पहिल्या मिनिटात नेमकं काय घडतं?

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. फवारलेल्या पेट्रोलचा काही भाग थंड भिंतींना चिकटून राहतो. त्यामुळं इंजिन बंद पडू नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. जास्त पेट्रोल आणि तेवढीच हवा, म्हणजे सगळं जळत नाही. कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन भरपूर तयार होतात. नेमक्या त्याच वेळी त्यांना आवरणारा डबा थंड असतो.

धूर तपासून पेट्रोल कमी-जास्त करायला सांगणारा ऑक्सिजन सेन्सरही थंड असताना काम करत नाही. तोवर कॉम्प्युटर अंदाजानंच पेट्रोल सोडतो.

याचा परिणाम असा, की प्रयोगशाळेत पेट्रोल गाडीची पूर्ण चाचणी घेतली, तर त्या फेरीतल्या एकूण हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साईडपैकी अर्ध्याहून जास्त वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडलेला असतो. उरलेल्या सगळ्या फेरीत मिळून त्याहून कमी.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. थंडीत सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते, पाण्याचे थेंब गळतात. ते बघून अनेकांना वाटतं हाच धूर घातक. ते बहुतेक पाणीच असतं. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होतेच, आणि थंड नळीत तिचे थेंब होतात. ती वाफ काही मिनिटांत थांबत असेल तर काळजी नको. घातक असतो तो न दिसणारा वायू.

कंपन्यांनी यावर काय तोडगे काढले?

डबा लवकरात लवकर कसा तापवायचा, यावर गेली तीसेक वर्षं जगभरचे इंजिनिअर डोकं लावत आहेत. त्यांचे उपाय आपल्या दारातल्या गाडीतही आहेत.

पहिला उपाय डब्याच्या जागेचा. पूर्वी कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली, इंजिनापासून लांब असायचा. तिथपर्यंत पोचताना धूर निवून जायचा आणि डबा तापायला मिनिट-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त लागायची. आता बहुतेक नव्या गाड्यांत तो इंजिनाला अगदी चिकटून बसवतात. चुलीच्या जवळची वस्तू आधी तापते, एवढं साधं हे गणित. काही गाड्यांत धुराची पहिली नळी दुहेरी पत्र्याची असते, मधे हवा ठेवलेली असते, म्हणजे उष्णता वाटेत वाया जात नाही.

दुसरा उपाय कॉम्प्युटरचा. नवीन गाडी सकाळी सुरू केली की पहिली काही सेकंदं ती जास्त आवाज करते, रेस दिल्यासारखी वाटते, मग हळूहळू शांत होते. अनेकांना वाटतं गाडीत बिघाड आहे. तसं नाही. कॉम्प्युटर मुद्दाम आरपीएम वाढवतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडतो. उशिरा ठिणगी पडली की जळणाची ताकद चाकाला कमी मिळते, पण धूर जास्त गरम निघतो. तो थेट डब्याला तापवतो. थोडं पेट्रोल त्यासाठी खर्ची पडतं.

तिसरा उपाय सेन्सरचा. ऑक्सिजन सेन्सरमध्ये छोटा विजेचा हीटर असतो. धुराच्या उष्णतेची वाट न बघता तो सेन्सर लवकर कामाला लावतो.

चौथा, आतली वडी पातळ भिंतींची करणं. वजन कमी, म्हणून तापायला वेळ कमी. काही महागड्या गाड्यांत याच्याही पुढं जाऊन धुराच्या नळीत पंपानं ताजी हवा सोडतात, म्हणजे उरलेलं पेट्रोल नळीतच जळतं आणि डबा तापतो. काहींमध्ये विजेवर तापणारा कन्व्हर्टरही बसवतात.

या सगळ्यामुळं आजच्या चांगल्या गाडीत डबा साधारण अर्ध्या मिनिटात जागा होऊ शकतो. पण त्यासाठी गाडीतलं सगळं मूळचं सामान जागेवर आणि धड असायला हवं.

नियम आले, पण कुठपर्यंत?

भारतात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला १ एप्रिल १९९५ पासून. त्याच्याबरोबर शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशामुळं कन्व्हर्टरमधल्या धातूंवर थर बसतो आणि डबा कायमचा निकामी होतो. २००० सालापासून शिसंविरहित पेट्रोल देशभर आलं. त्यानंतर बीएसच्या एकेक पायऱ्या आल्या. १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर लागू झालं. बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. गंधकही कन्व्हर्टरला मंद करतं, म्हणून ही मोठी गोष्ट होती.

बीएस-६ पेट्रोल कारला किलोमीटरमागं १ ग्रॅमपर्यंत कार्बन मोनॉक्साईडची मुभा आहे. १९९१ च्या पहिल्या नियमात हीच मर्यादा १४ ग्रॅमच्या वर होती. फरक केवढा पडला, हे यावरून कळतं.

नवं मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याची चाचणी होते. गाडी आधी कित्येक तास २० ते ३० अंशांत थंड ठेवतात, मग सुरू करून १,१८० सेकंद, म्हणजे जवळपास २० मिनिटं रोलरवर चालवतात. थंड सुरुवातीचा धूर तिथं मोजला जातो. १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावर प्रत्यक्ष चालवून मोजणीही नियमात आली.

पण ही झाली नव्या मॉडेलची परीक्षा. ती गाडी एमएच-१०, एमएच-११ किंवा एमएच-५० चा नंबर लावून गावात आली, की पुढची दहा-पंधरा वर्षं तिची तपासणी फक्त पीयूसीची. ती होते इंजिन गरम करून. डबा काढूनच टाकला असेल, तर ही तपासणी ते पकडू शकते. पण डबा म्हातारा झालाय, अर्ध्या मिनिटाऐवजी तीन-चार मिनिटं घेतोय, सेन्सरचा हीटर बंद पडलाय, हे गरम तपासणीत कळत नाही. तोवर डबा तापलेला असतो आणि पावती मिळते.

दुसरी अडचण प्रवासाच्या अंतराची. चाचणीतली फेरी दहा किलोमीटरच्या पुढं असते. गावातली फेरी किती? घरापासून डेअरी एक किलोमीटर, मळा दीड किलोमीटर, शाळा दोन. समजा, थंड सुरुवातीला एखादी गाडी ८ ग्रॅम कार्बन मोनॉक्साईड सोडते. दहा किलोमीटर चालवली तर ते किलोमीटरला एक ग्रॅमच्या आत बसतं. एकच किलोमीटर चालवून बंद केली, तर ते ८ च्या ८ ग्रॅम त्या एका किलोमीटरात, तेही गावठाणात, घरांच्या मधे. गाडी तीच, नियम तोच, पण वापर वेगळा. अर्धा-पाऊण तास गाडी उभी राहिली की डबा पुन्हा बराच निवतो आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

चोरांना कळलं, मालकांना उशिरा कळलं

या डब्याची किंमत गावाकडं अनेकांना कळली ती चोरीमुळं. गेल्या काही वर्षांत इको गाडीचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार पश्चिम महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घडले. रात्री गाडीखाली शिरायचं, नळी खोलायची किंवा कापायची आणि पसार. सकाळी गाडी सुरू केली की ट्रॅक्टरसारखा आवाज आल्यावर मालकाला कळायचं. चोरांना पत्रा नको होता. त्यांना हवी होती आतली 'माती', म्हणजे कन्व्हर्टरच्या वडीची भुकटी.

त्या काळात भावही तसेच होते. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा आंतरराष्ट्रीय भाव सोन्याच्या दहा पटींहून जास्त झाला होता. नंतर तो खूप उतरला, पण या धातूंचं मोल संपलेलं नाही.

खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या भागाला हे वेगळं सांगायला नको. विटा आणि परिसरातले गलाई व्यावसायिक पिढ्यानपिढ्या देशभर सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. राखेतून, झाडलोटीतून धातू कसा काढायचा, हे या मातीला माहीत आहे. म्हणूनच जुन्या कन्व्हर्टरच्या भुकटीत काय दडलंय, हे इथल्या माणसाला पटकन कळतं. मात्र कायदा स्पष्ट आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसं समजायला कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तोही गुन्हाच. बिलाशिवाय आलेली अशी 'माती' हातात न घेतलेली बरी.

खरा प्रश्न चोरीनंतरचा आहे. नवा मूळ सायलेन्सर महाग पडतो. मग कुणीतरी सांगतं, "साधी नळी टाक, गाडी चालतीय की!" गाडी चालते हे खरं. पण आता तिच्या धुराला थंडीतही आवर नाही आणि गरम झाल्यावरही नाही. शाळेची पोरं नेणारी गाडी असेल, तर रोज सकाळी ती पोरं त्याच धुरात उभी राहून गाडीत चढतात. काही ठिकाणी वरून डबा दिसतो, पण आत वडीच नसते किंवा नावाला असते. पैसे वाचले असं वाटतं, पण ते दुसऱ्याच्या छातीवर वसूल होतात.

बुलेटला 'फटाका' सायलेन्सर लावणाऱ्यांचंही तेच. बीएस-६ मोटारसायकलच्या धुराच्या मूळ नळीत किंवा सायलेन्सरमध्येही छोटा कन्व्हर्टर असतो. मूळ काढून दुसरा लावला की आवाज वाढतो आणि त्याबरोबर धूर गाळणारा डबाही जाऊ शकतो. महाराष्ट्रात अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली घातले. कारवाई आवाजासाठी झाली, पण धुराचा मुद्दाही तितकाच मोठा आहे. प्रदूषणाचा नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

उसाचं इथेनॉल आणि थंड इंजिन

सांगली-साताऱ्यातल्या उसाचाही या विषयाशी संबंध आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणजे निव्वळ इथेनॉलवर थंड इंजिन सुरू करणं अवघड. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलवर गाड्या चालतात. तिथं थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची वेगळी छोटी टाकी देत असत. पुढं २००९ पासून इंधन आधी विजेवर तापवून सोडण्याची सोय काही गाड्यांत आली.

आपल्याकडं २० टक्क्यांत उरलेलं ८० टक्के पेट्रोलच असतं आणि आपली थंडीही तेवढी कडक नाही. त्यामुळं सुरू व्हायला अडचण येऊ नये. पण उद्या ८५ टक्के किंवा पूर्ण इथेनॉलच्या फ्लेक्स फ्युएल गाड्या गावात आल्या, तर त्यांच्यात थंड सुरुवातीची सोय कशी केली आहे, हे विकत घेताना विचारायलाच हवं.

डिझेलवाल्यांचं काय?

डिझेल इंजिन कार्बन मोनॉक्साईड कमी सोडतं, पण काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साईड जास्त. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. ट्रक आणि काही मोठ्या गाड्यांत वेगळ्या टाकीत डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी भरावं लागतं. धूर साधारण २०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय ते पाणी फवारलं जात नाही. म्हणजे इथंही थंडीत काम बंद.

डीपीएफ थंडीतही काजळी अडवतो, पण अडवलेली काजळी जाळायला त्याला जवळपास ६०० अंश लागतात. रोज डेअरी ते घर एवढीच गाडी फिरली, तर तेवढं तापमान कधी येतच नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर खर्च मोठा येतो. अशी गाडी अधूनमधून महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवणं, हा त्यावरचा साधा इलाज. नेमकं काय करायचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

मग सकाळी करायचं काय?

१) दहा मिनिटं जागेवर तापवू नका. ती सवय चोक ओढायच्या कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीला २०-३० सेकंद पुरतात. टर्बो डिझेल असेल तर अर्धा ते एक मिनिट. मग हळू निघा. पहिले एक-दोन किलोमीटर जोरात रेस देऊ नका. जागेवर उभ्या गाडीचा धूर कमी गरम असतो, त्यामुळं डबा उशिरा तापतो. चालत्या गाडीत तो लवकर तापतो.

२) शटर बंद करून, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा घराला लागून असलेल्या बंद पोर्चमध्ये गाडी चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साईड सगळ्यात जास्त याच वेळी निघतो. डोकं दुखणं, मळमळणं, चक्कर ही त्याची पहिली लक्षणं. आधी शटर उघडा, गाडी बाहेर काढा.

३) गाडी सुरू करताना मागं पोरं, म्हातारी माणसं, दमेकरी नाहीत ना ते बघा. गाडीचं तोंड घराकडं आणि सायलेन्सर मोकळ्या बाजूला असेल असं लावा.

४) दोन-तीन छोटी कामं एकाच फेरीत करा. गाडी एकदा तापली की तिसरं काम जवळपास स्वच्छ धुरात होतं. जवळच्या कामाला पायी किंवा सायकलवर गेलं तर प्रश्नच मिटला.

५) डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर तो दाबून किंवा काढून टाकू नका. अनेकदा तो प्लग, सेन्सर किंवा कन्व्हर्टरबद्दलच सांगत असतो. एक प्लग ठिणगी देत नसेल, तर न जळालेलं पेट्रोल डब्यात जाऊन जळतं आणि आतली वडी वितळू शकते. पुन्हा पुन्हा धक्का मारून गाडी सुरू करणंही याच कारणानं वाईट. बॅटरी बदलणं त्याहून स्वस्त.

६) जुनी गाडी घेताना ती खरोखर थंड असताना, सकाळी बघायला जा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या असं सांगा. आणि मेकॅनिकला खाली वाकून कन्व्हर्टर जागेवर आहे का ते बघायला लावा.

७) चालून आलेली गाडी वाळल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका. काम करताना हा डबा कित्येकशे अंश तापलेला असतो. खालचं पाचट पेटायला वेळ लागत नाही.

८) सायलेन्सर चोरीला गेला तर आधी पोलिसांत फिर्याद द्या, विमा कंपनीला कळवा, आणि नवा बसवताना बिलावर कन्व्हर्टरसह असं लिहून घ्या.

प्रश्न फक्त मालकाचा नाही

गावाकडं हवेला त्रास देणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. पाचट जाळणं, चुलीचा धूर, वीटभट्ट्या, रस्त्यावरची धूळ. त्यांच्यापुढं एका गाडीचा दोन मिनिटांचा धूर कमी वाटेल. पण हा धूर अंगणात, घराच्या खिडकीखाली, माणसाच्या नाकाच्या उंचीवर सुटतो. हिवाळ्यात सकाळी गार हवा खाली बसलेली असते आणि वारा पडलेला असतो. कृष्णाकाठचं धुकं जसं उन्हं वर येईपर्यंत हलत नाही, तसा हा धूरही हलत नाही. आणि गावात आता एक गाडी राहिलेली नाही, घरटी एखादं तरी वाहन आहे.

कंपन्यांनी डबा लवकर तापवायचे उपाय केले, नियमांनी ते सक्तीचे केले. पण गाडी शोरूममधून निघाल्यावर ते टिकतात की नाही, हे बघणारी व्यवस्था गरम इंजिनाच्या पीयूसीवरच थांबली आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाची नोंद साठलेली असते. ती पीयूसीच्या वेळी वाचली, तर मंदावलेला कन्व्हर्टर आणि बंद सेन्सर बऱ्याच वेळा सापडू शकतात. शाळेच्या गाड्या आणि वडापची वाहनं यांच्यापासून त्याची सुरुवात करायला हरकत नाही, कारण त्यांच्या धुरात रोज दुसऱ्यांची पोरं उभी असतात.

ते होईल तेव्हा होईल. तोवर सकाळची चावी मालकाच्याच हातात आहे. चहा आधी प्यायचा आणि गाडी निघतानाच सुरू करायची, एवढं तर उद्यापासून जमण्यासारखं आहे.